रक्तावरचा आरोप

३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतल्या जातिभेदावर निकाल दिला. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवरचा हा निकाल. अनेक राज्यांच्या तुरुंग-नियमावलीत कैद्याच्या हाती झाडू द्यायचा की त्याला स्वयंपाकघरात पाठवायचं, हे त्याच्या जातीवरून ठरत होतं. ते नियम न्यायालयाने घटनाबाह्य ठरवले आणि बातम्यांत हाच भाग गाजला. निकालाचा दुसरा भाग तितकाच मोठा होता, पण त्याची चर्चा फारशी झाली नाही. भटक्या किंवा एकेकाळी 'गुन्हेगार' म्हटल्या गेलेल्या जमातीत जन्म झाला एवढ्यावरून माणसाला सराईत गुन्हेगार मानणारे संदर्भ न्यायालयाने रद्द केले. अशा, म्हणजे आता विमुक्त म्हटल्या जाणाऱ्या, जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये याची काळजी घ्या, असंही पोलिसांना बजावलं.

दोन दिवसांनी, ५ ऑक्टोबरला, वाशीम जिल्ह्यातल्या मानोरा तालुक्यात पोहरादेवी इथे पंतप्रधानांच्या हस्ते बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं. चार मजले, तेरा दालनं, समाजाच्या नेत्यांची चित्रं, तांड्यांच्या वाटचालीचा इतिहास. पोहरादेवी ही बंजारा समाजाची काशी. संत सेवालाल महाराजांची समाधी इथे आहे, जगदंबेचं मंदिर आहे, आणि रामनवमीला महाराष्ट्र, तेलंगण, कर्नाटक, आंध्रातून लाखो माणसं इथे येतात. या समाजालाही ब्रिटिश राजवटीत काही प्रांतांत 'गुन्हेगार जमातीं'च्या यादीत घातलं गेलं होतं. महाराष्ट्राच्या आरक्षण यादीत बंजारा आजही विमुक्त जाती या गटात येतात, ते त्याच इतिहासामुळे.

गावात, शहरात कुठेही खून पडला की लोक विचारतात, माणूस असा वागूच कसा शकतो? त्यावर एक जुनं, तयार उत्तर नेहमी हाताशी असतं: त्यांच्या रक्तातच आहे. कधी हे एका माणसाबद्दल म्हटलं जातं, कधी घराण्याबद्दल, कधी अख्ख्या जातीबद्दल. या उत्तरावर भारतात ऐंशी वर्षं सरकारी कायदा चालला. तो किती खोटा ठरला आणि हिंसेची खरी कारणं कुठे आहेत, हे समजून घ्यायला पोहरादेवीच्या परिसराइतकी चांगली जागा शोधून सापडणार नाही.

एके काळी बंजारे म्हणजे या देशाची मालवाहतूक होती. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून हजारो बैलांचे तांडे किनाऱ्यापासून पठारापर्यंत फिरत. मोगलांच्या, निजामाच्या, मराठ्यांच्या आणि पुढे इंग्रजांच्या फौजांनाही त्यांनीच रसद पुरवली. मग मिठावर सरकारी कराचा विळखा बसला, पक्के रस्ते झाले आणि रेल्वे आली. जीआयपी रेल्वेची गाडी वऱ्हाडातून धावत १८६७ मध्ये नागपूरला पोहोचली. जो माल पोहोचवायला तांड्याला महिने लागत, तो दिवसांत जाऊ लागला. पिढ्यान् पिढ्यांचा धंदा एका माणसाच्या हयातीत बुडाला. काही तांडे शेतीकडे वळले, काही गुरं राखू लागले, काही मजुरीला लागले. काहींनी चोऱ्या आणि दरोडेही केले, आणि ते लपवण्याचं कारण नाही.

रेल्वे नागपूरला पोहोचल्यावर चार वर्षांनी, ऑक्टोबर १८७१ मध्ये, गुन्हेगार जमाती कायदा झाला. आधी तो उत्तर हिंदुस्थानपुरता होता, १८७६ मध्ये बंगालला लागू झाला आणि १९११ च्या कायद्याने देशभर पसरला. कायदा मांडणाऱ्यांचं तर्कशास्त्र असं होतं: या देशात सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा विणकर, तेव्हा गुन्हेगारीही पिढीजात धंदा असणारच. धंदा बुडाला म्हणून माणूस चोरीकडे वळला असेल, ही शक्यता त्या तर्कात कुठे बसतच नव्हती.

वऱ्हाड पोलिसांतले एक अधिकारी, कंबरलेज, यांनी बंजारा समाजावर एक टिपण लिहिलं होतं. पुढे रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ मध्ये मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर चार खंड काढले, त्यातलं बंजाऱ्यांवरचं प्रकरण मुख्यतः याच टिपणावर उभं आहे. लग्नं, देवदेवता, नायकाचा अधिकार, कुत्री, कपडे अशी तपशिलाची रेलचेल त्यात आहे. जमातीच्या गुन्हेगारी प्रवृत्तीवर एक भाग आहे आणि लगेच पुढे तिच्या सद्गुणांवरही एक भाग आहे. माणसांची नोंद एका पोलिसाने करून ठेवावी आणि तीच पुढे मानववंशशास्त्र म्हणून वाचली जावी, यात त्या काळाची सगळी दृष्टी दिसते.

कायदा प्रत्यक्षात कसा चालायचा, ते पाहण्यासारखं आहे. जमात 'अधिसूचित' झाली की तिच्यातल्या माणसांची नावं रजिस्टरात चढत आणि बोटांचे ठसे घेतले जात. ठरलेल्या वेळी पोलिसांकडे किंवा गावच्या पाटलाकडे हजेरी लावावी लागे. दुसऱ्या गावाला जायचं तर दाखला काढावा लागे. १९११ च्या कायद्याने तर सहा ते अठरा वर्षांच्या मुलांना आईबापांपासून तोडून वेगळ्या शाळांत ठेवण्याची मुभा दिली. काही जमातींसाठी 'सेटलमेंट' उभारल्या गेल्या. सोलापूरची सेटलमेंट त्यातली सगळ्यात माहितीची. तारेच्या कुंपणाच्या आत कुटुंबं, दिवसातून ठरलेल्या वेळा हजेरी, आणि शहरातल्या कापडगिरण्यांत कामाला जाणारे हात. कुंपण गेलं तरी सोलापूरकर त्या भागाला अजून सेटलमेंटच म्हणतात. लक्ष्मण माने यांचं 'उपरा' आणि लक्ष्मण गायकवाड यांचं 'उचल्या' ही आत्मकथनं ज्यांनी वाचली आहेत, त्यांना हा शिक्का कातडीवर कसा लागतो ते सांगायला नको.

या कायद्यानंतर पाच वर्षांनी, १८७६ मध्ये, इटलीतले वैद्य चेझारे लोम्ब्रोझो यांनी जन्मजात गुन्हेगाराचा सिद्धान्त मांडला. जबड्याची ठेवण, कपाळाचा उतार, कानांचा आकार यांवरून गुन्हेगार ओळखता येतो, असा त्यांचा दावा होता. युरोपात तो काही दशकं गाजला आणि मोजमापं नीट घेतली गेली तेव्हा कोसळला. हिंदुस्थानात कायद्याला कवट्या मोजायची गरजही पडली नाही. इथे जातीचं नाव पुरेसं होतं.

हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ पासून रद्द झाला. विमुक्त जमाती हा दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात. त्यानंतर अकरा वर्षांनी पोहरादेवीच्या शेजारच्या पुसद तालुक्यातल्या गहुली गावचे वसंतराव नाईक महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. डिसेंबर १९६३ ते फेब्रुवारी १९७५ इतकी सलग कारकीर्द त्यांनी केली. पुढे त्यांचे पुतणे सुधाकरराव नाईकही त्या पदावर बसले. तांड्यांतून शिक्षक झाले, डॉक्टर झाले, फौजदार झाले. रक्त तेच होतं. शाळा, जमीन आणि नोकरी मात्र पूर्वी नव्हत्या. गुन्हा रक्तातून येत असता, तर हे घडायला पिढ्या लागल्या असत्या.

असंच काहीसं शिकागोच्या क्लिफर्ड शॉ आणि हेन्री मॅके या समाजशास्त्रज्ञांना दिसलं. १९४२ मध्ये त्यांनी बालन्यायालयांच्या अनेक दशकांच्या नोंदी नकाशावर मांडल्या. कारखान्यांच्या पट्ट्यालगतच्या पडक्या वस्त्यांत बालगुन्हेगारी कायम जास्त होती. त्या वस्त्यांत राहणारी माणसं मात्र सतत बदलत होती. आधी जर्मन आणि आयरिश, मग पोलिश आणि इटालियन. एक गट चार पैसे जोडून बाहेर पडला की त्याच्या मुलांमधली गुन्हेगारी उतरे, आणि त्याच घरांत आलेल्या नव्या गटाची चढे. गुन्हा माणसांबरोबर गेला नाही, वस्तीतच राहिला.

मग माणूस माणसाला मारतो कशामुळे? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे २०२२ चे आकडे यावर बराच प्रकाश टाकतात. त्या वर्षी देशात खुनाचे २८,५२२ गुन्हे नोंदले गेले, त्यातले २,२९५ महाराष्ट्रात. कारणांच्या रकान्यात सगळ्यात वर आहे वाद-तंटा: ९,९६२ प्रकरणं. त्याखाली वैयक्तिक वैमनस्य, ३,७६१. लाभासाठी, म्हणजे चोरी-लुटीसारख्या हेतूने झालेले खून १,८८४. सिनेमातला खुनी थंड डोक्याने आखणी करतो. कागदावरचा खुनी बहुधा ओळखीचा असतो, भांडणात असतो, आणि सकाळी उठला तेव्हा संध्याकाळी काय होणार हे त्याला माहीत नसतं.

वऱ्हाडात असं भांडण पुष्कळदा धुऱ्यावर पेटतं. शेताची हद्द दाखवणारा तो हातभर रुंद पट्टा. नांगराच्या एका फेरीत धुरा चार बोटं सरकला, पेरणी तोंडावर आहे, कर्ज डोक्यावर आहे. शेजारी दोन शब्द बोलतो. त्यातला एक शब्द आईवर किंवा जातीवर जातो. आजूबाजूला चार माणसं उभी असतात आणि त्यांच्यासमोर मागे सरणं म्हणजे आयुष्यभर ऐकून घेणं, असं दोघांनाही वाटत असतं. एकाने किंवा दोघांनी घेतलेली असते. हाताशी कुऱ्हाड असते, कारण शेतात ती असतेच. एवढं सगळं एका जागी आलं की चार बोटं जमिनीसाठी जीव जातो, आणि गाव म्हणतं की एवढ्याशा कारणावरून कुणी मारतं का. कारण एवढंसं नव्हतंच. जमिनीची टंचाई, कर्ज, दारू, अपमान आणि बघे अशी पाच कारणं एकावर एक चढलेली असतात.

मानसशास्त्राचं म्हणणं याच्याशी जुळतं. अपमान झाला की शरीर लढण्याच्या तयारीत जातं, छाती धडधडते, नजर आकुंचते आणि पुढचा-मागचा विचार करणारा मेंदूचा भाग काही क्षण मागे पडतो. दारू नेमका तोच भाग आधीच ढिला करून ठेवते. तरुण वयात तो भाग पुरता तयारही झालेला नसतो. म्हणून जगभर हिंसक गुन्ह्यांचा आलेख पौगंडाच्या शेवटी आणि विशीत सगळ्यात वर जातो आणि तिशीनंतर उतरतो. खुनातले जवळपास नव्वद टक्के संशयित पुरुष असतात, हेही जगभरचंच चित्र आहे. मनोरुग्ण माणूस हिंसक असतो ही समजूत मात्र लोकांनी सोडून द्यायला हवी. गंभीर मानसिक आजार असलेली बहुतेक माणसं कुणावर हात उगारत नाहीत, उलट मार खाणाऱ्यांत त्यांचं प्रमाण मोठं असतं.

सेवालाल महाराजांची शिकवण म्हणून तांड्यातांड्यांत जे सांगितलं जातं, त्यात नशा करू नका हे आग्रहाने येतं. अठराव्या शतकातल्या संताला हे सांगावंसं वाटलं, यावरून प्रश्न किती जुना आहे ते कळतं. धंदा बुडाल्यावर काही तांड्यांत मोहाची हातभट्टी हेच रोख पैशाचं साधन उरलं. त्यामुळे बाईच्या दृष्टीने दारू एकाच वेळी घरची कमाई होती आणि घरचा मारही.

या बाबतीत महाराष्ट्राच्या बायकांनी जे केलं, ते हिंसा-प्रतिबंधाच्या पुस्तकात पहिल्या प्रकरणात घालावं असं आहे. गावातल्या किंवा वॉर्डातल्या बायकांनी अर्ज केला की मतदान घ्यायचं, आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडव्या बाटलीच्या, म्हणजे बंदीच्या, चिन्हावर शिक्का मारला की दारूचं दुकान बंद. दिवसभराची मजुरी बुडवून बायका या मतदानाला रांगेत उभ्या राहिल्या आहेत. वर्धा, गडचिरोली आणि काही वर्षं चंद्रपूर या जिल्ह्यांत पूर्ण दारूबंदीचाही मार्ग आजमावला गेला. चंद्रपूरची बंदी २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. चोरटी दारू वाढली, असं बंदी उठवणाऱ्यांचं म्हणणं होतं. ते नाकारता येत नाही, पण त्याचा अर्थ बायकांची तक्रार खोटी होती असा होत नाही. दुकान कुठे असावं, किती वाजेपर्यंत असावं आणि पोलिसांनी हातभट्टी खरोखर मोडावी की हप्ता घ्यावा, यावर कित्येक घरांतली रात्र अवलंबून असते.

घरातली मारहाण घरापुरती राहत नाही. १९६१ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात आल्बर्ट बांदुरा यांनी लहान मुलांना एक दृश्य दाखवलं. मोठा माणूस एका फुगवलेल्या बाहुलीला बुक्के मारतो, हातोडीने ठोकतो. नंतर मुलांना त्याच बाहुलीबरोबर सोडलं तर त्यांनी तसंच केलं, तेच शब्द उच्चारत केलं. रोज आईला मार खाताना पाहणाऱ्या मुलासाठी घर हाच तो प्रयोग असतो आणि तो वर्षानुवर्षं चालतो. अशी बहुतेक मुलं मोठेपणी हिंसक होत नाहीत, हे ठळकपणे सांगायला हवं. पण मोठेपणी हिंसक झालेल्यांच्या बालपणात असं घर फार वेळा सापडतं. मुंबईत १९८४ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेने पोलीस आयुक्तालयातच महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलीस ठाण्याच्या आवारात बसलेली प्रशिक्षित समाजकार्यकर्ती नवऱ्याला बोलावते, ऐकते, समज देते, गरज पडली तर कायद्याकडे वळवते. हे काम पुढे राज्यभर पसरलं. इथे एक मार थांबला तर पुढचे किती थांबले, हे कुठल्याच नोंदवहीत येत नाही. म्हणूनच अशा कामाला निधी मागताना दाखवायला फारसं काही नसतं.

गेल्या काही वर्षांत पुण्यात कोयता घेऊन फिरणाऱ्या पोरांच्या बातम्या वारंवार आल्या. वय सोळा-सतरा, शाळा सुटलेली, हातात मोबाइल, त्यावर 'भाई'चे व्हिडिओ. या मुलांकडे फक्त गुंड म्हणून पाहिलं की तुरुंगाखेरीज दुसरं काही सुचत नाही. शिकागोतल्या 'बिकमिंग अ मॅन' या कार्यक्रमाने वेगळा मार्ग धरला. त्यातला पहिला खेळ असा: दोन मुलांच्या जोड्या लावायच्या, एकाच्या हातात चेंडू द्यायचा आणि दुसऱ्याला सांगायचं, तीस सेकंदांत त्याच्या मुठीतून चेंडू काढ. सगळे ओढतात, पिळतात, पाडतात. वेळ संपल्यावर शिक्षक विचारतो, तुमच्यापैकी कुणी चेंडू मागितला का? मुलं म्हणतात, मागून कोण देतं? मग चेंडू धरणाऱ्याला विचारतात तर तो म्हणतो, मागितला असता तर दिला असता, चेंडूच तर आहे. भांडणाच्या क्षणी समोरच्याबद्दल आपण काय गृहीत धरतो, ते मुलाला असं स्वतःच कळतं. शिकागो विद्यापीठाच्या अभ्यासांत या मुलांमधल्या हिंसक गुन्ह्यांसाठीच्या अटका कार्यक्रम चालू असताना जवळपास निम्म्यावर आल्या. कार्यक्रम संपल्यावर तो परिणाम बराच ओसरला, यातून अशा कामाला खंड पडून चालत नाही हेही कळतं. नागपुरात विजय बारसे सरांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतल्या पोरांना फुटबॉल दिला, तेव्हा त्यांच्या हाती असा कुठलाच अभ्यास नव्हता. संध्याकाळी पाच ते सात पोरगा मैदानावर असेल तर नाक्यावर नसेल, एवढं त्यांना दिसत होतं.

हिंसेचा आणखी एक प्रकार आहे. त्यात मारणाऱ्याचं मरणाऱ्याशी काहीच भांडण नसतं. १ जुलै २०१८ हा रविवार, धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याचा आठवडी बाजार. मंगळवेढा भागातली नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं भिक्षा मागत तिथे आली होती. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे असे संदेश कित्येक दिवस व्हॉट्सॲपवर फिरत होते. कुणीतरी संशय बोलून दाखवला, गर्दी झाली, त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं गेलं आणि तिथेच मारलं गेलं. पाच जण गेले. मारणारे रोजच्या व्यवहारातली साधी माणसं होती. गर्दीत प्रत्येकाचा वाटा एका फटक्याचा असतो, त्यामुळे खून आपण केला असं कुणालाच वाटत नाही. आणि बळी म्हणून निवडली जातात ती ज्यांचं गाव माहीत नाही, बोली वेगळी आहे, वेश वेगळा आहे अशी माणसं. १८७१ च्या कायद्याने फिरस्त्या माणसाकडे संशयाने बघायला जे शिकवलं, ते कायदा गेला तरी अंगात राहिलं. त्या पाच घरांनी त्याची किंमत मोजली.

त्याच रात्री मालेगावात नेमक्या याच अफवेवरून जमावाने एका कुटुंबाला घेरलं. पाच माणसं, त्यात दोन वर्षांचं मूल. तिथल्या काही रहिवाशांनी त्यांना घरात घेऊन दार लावलं, पोलीस वेळेवर पोहोचले, जमाव पोलिसांवरही उलटला, पण पाचही जण वाचले. अफवा एकच, दिवस एकच, समाजमाध्यमही एकच. फरक पडला तो दार लावणाऱ्यांमुळे आणि पोलिसांच्या वेळेमुळे. हिंसा रोखणं म्हणजे काय याचं याहून थेट उदाहरण महाराष्ट्रात दुसरं नसेल.

तांड्याकडे स्वतःची एक व्यवस्था होती आणि काही ठिकाणी अजून आहे. नायक, कारभारी, हसाबी-नसाबी आणि जाणती माणसं बसून तंटा मिटवत, कारण चालत्या तांड्याला वैर घेऊन पुढे जाणं परवडत नसे. या व्यवस्थेची ताकद तिच्या वेगात आहे: भांडण पेटलं त्याच दिवशी दोघांना समोरासमोर बसवणारं कुणीतरी असतं. तिचा दोष असा की दंड, बहिष्कार आणि बाईचं म्हणणं न ऐकणं हेही अशा पंचायतींत चालतं. महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला, तो अनेक जातपंचायतींच्या अशाच कारभारामुळे. आर. आर. पाटील गृहमंत्री असताना १५ ऑगस्ट २००७ पासून सुरू झालेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेने गावाला हा वेग कायद्याच्या चौकटीत देऊ पाहिला. समित्या बसल्या, धुऱ्याची, वाटणीची, पाण्याची हजारो भांडणं मिटली. पुढे अनेक गावांत समिती नावापुरती उरली. ही मोहीम अशी विझू देणं ही मोठी चूक आहे. खुनाच्या आकड्यांत वाद-तंटा पहिल्या क्रमांकावर असताना तंटा मिटवणाऱ्या माणसाइतकं स्वस्त औषध दुसरं नाही.

वेल्समधल्या कार्डिफ शहरात जोनाथन शेफर्ड हे जबड्याचे शल्यविशारद मारामारीत फुटलेले चेहरे शिवत. त्यांच्या लक्षात आलं की यातल्या पुष्कळ मारामाऱ्या पोलिसांपर्यंत जातच नाहीत. मग रुग्णालयाने जखमींची नावं वगळून फक्त जागा, वेळ आणि हत्यार यांची माहिती दर महिन्याला पोलिसांना आणि नगरपालिकेला द्यायला सुरुवात केली. कुठल्या दारूगुत्त्यासमोर, शनिवारी किती वाजता, बाटलीने की मुठीने, हे कळल्यावर गस्त तिथे गेली आणि काचेचे पेले बदलले. जखमींचं प्रमाण तुलनेच्या शहरांपेक्षा लक्षणीय घटलं. आपल्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातही मारहाणीची एमएलसी, म्हणजे वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण म्हणून, नोंद होते. ती कोर्टासाठी होते आणि कपाटात जाते. ती महिन्याकाठी एकत्र वाचली, तर कुठल्या गावात, कुठल्या वारी डोकी फुटतात हे विनाखर्च कळेल.

त्याऐवजी पुष्कळदा घडतं ते वेगळंच. चोरी झाली की पहिली गाडी पारधी बेड्यावर जाते. गुन्हेगार जमाती कायदा गेला, पण त्याची जागा सराईत गुन्हेगारांच्या राज्य-कायद्यांनी घेतली. मुंबई राज्याचा असा कायदा १९५९ चा. कागदावर तो जातीवर नाही, वारंवार गुन्हा करणाऱ्या व्यक्तीवर आहे. पोलिसांच्या नजरेत मात्र जुनी यादी उतरली. बाळकृष्ण रेणके आयोगाने २००८ मध्ये आणि त्यानंतर दादा इदाते आयोगाने या जमातींच्या घरं, दाखले, शिक्षण आणि पोलिसी जाचाबद्दल सविस्तर अहवाल दिले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने फासेपारध्यांची शिकार थांबली. वन्यजीवांसाठी ते आवश्यक होतं, पण फासे ठेवून त्यांनी काय धरावं, हे कुणी ठरवलं नाही. बंजाऱ्यांचं रेल्वेच्या काळात झालं, तेच पारध्यांचं शंभर वर्षांनी झालं. अमरावती जिल्ह्यात मंगरूळ चव्हाळा इथे मतीन भोसले यांनी 'प्रश्नचिन्ह' नावाची आश्रमशाळा काढली. ते स्वतः फासेपारधी. सिग्नलवर, स्टेशनवर भीक मागणारी समाजातली पोरं गोळा करून त्यांनी वर्ग भरवला. ज्या मुलाचं नाव पोलीस ठाण्याच्या वहीत चढण्याची शक्यता जास्त होती, ते आधी शाळेच्या हजेरीपटावर चढलं. हिंसा टाळण्याचं हे सगळ्यात आधीचं, सगळ्यात लांब पल्ल्याचं काम आहे.

आणि ज्याच्या हातून खून होऊनच गेला, त्याचं काय? १९३९ मध्ये औंध संस्थानाचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी आणि त्यांच्याकडे काम करणारे पोलिश अभियंते मॉरिस फ्रीडमन यांनी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची वसाहत वसवली. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेले कैदी तिथे भिंतीविना, बेड्यांविना राहिले, जमीन कसू लागले, बायकामुलांना सोबत ठेवू लागले. पळून जाणं अवघड नव्हतं. तिथल्याच भागात वाढलेल्या ग. दि. माडगूळकरांनी यावरून लिहिलेल्या कथेवर व्ही. शांताराम यांनी १९५७ मध्ये 'दो आँखे बारह हाथ' काढला. आटपाडीची खुली वसाहत आजही महाराष्ट्र कारागृह विभागाकडे आहे. पैठण, येरवडा आणि विदर्भात मोर्शी इथेही खुली कारागृहं आहेत. तिथे कुणाला पाठवायचं हे कैद्याच्या शिक्षेच्या काळातल्या वागणुकीवर ठरतं, आणि शेतात काम केलेल्या दिवसांची त्याला शिक्षेत सूट मिळते.